उन्हानं पुसलेली विमानं

आयुष्यभर काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगतो, विमानं दुरुस्त केली. समोरचा जरा सावरून बसतो. मग आमची मंडळी आतून चहा घेऊन येते आणि खुलासा करते, "खोटी इमानं वो. काचंतली." पाहुणा पुन्हा मागे रेलतो आणि बशीत चहा ओततो.

मंडळींचं म्हणणं खरंच आहे. मी व्हिडिओ गेमच्या मशीनचा मेकॅनिक होतो. आजच्या मुलांना हे मशीन म्हणजे काय ते सांगावं लागेल. माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, त्यात टीव्हीची नळी बसवलेली, खाली नाणं टाकायची फट, एक दांडी आणि एक बटण. काचेवर वरच्या अंगाला शत्रूच्या यानांच्या रांगा. त्या डावीकडे सरकतात, उजवीकडे सरकतात आणि दर खेपेला एक पायरी खाली उतरतात. तळाशी तुमचं एकुलतं एक विमान. दांडीनं ते हलवायचं, बटणानं गोळी मारायची. सगळ्या रांगा मारल्या की नव्या रांगा येतात. हा खेळ जिंकता येत नाही, फक्त हरायचं लांबवता येतं. तरी लोक चपला झिजवत यायचे.

मशीन शिवप्पाअण्णांचं. अण्णा मूळचे दुधनीचे, घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. सोलापुरात नव्या पेठेच्या बाजूला त्यांचं थंड पेयांचं दुकान होतं. त्यांचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन, म्हणजे मल्लू, मुंबईत अशी मशीनं जोडणाऱ्या एका कारखान्यात कामाला होता. त्यानं एक मशीन ट्रकवर घालून सोलापूरला आणलं आणि सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटशेजारी उभं केलं. मी तेव्हा बार्शीकडच्या खेड्यातून येऊन रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मांडून बसलो होतो. मल्लूनं मला बोलावलं, कपाटाचं मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "घाबरू नका दिगूभाऊ, टीव्हीच हाय. फकस्त ह्यो इचार करतोय."

त्या दिवशी मी पहिल्यांदा मेमरीची चिप पाहिली. करंगळीच्या पेराएवढी काळी वस्तू, दोन्ही अंगांना पाय, आणि पाठीवर काचेची गोल खिडकी. खिडकीतून आतला चकचकीत तुकडा दिसायचा. मल्लू म्हणाला, सगळी विमानं हितं हायेत. मी हसलो. मग त्यानं मशीन बंद करून ती चिप काढली आणि मशीन पुन्हा चालू केलं. पडद्यावर एकही विमान नव्हतं. माझं हसू तिथंच राहिलं. आज माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये जग मावतं आणि मला त्याचं काहीच वाटत नाही. त्या खिडकीचं मात्र अजून नवल वाटतं.

एक गोष्ट मला बऱ्याच दिवसांनी उमगली. शत्रू मारत गेलं की उरलेले शत्रू जोरात पळायला लागतात. शेवटचा एक तर सुसाट सुटतो. गिऱ्हाइकांचं मत होतं की त्याला राग येतो, साथीदार मेले म्हणून. मीही तेच समजत होतो. मल्लूनं सांगितलं, राग कसला येतोय. मशीनला एकेक यान हलवायला वेळ लागतो. यानं कमी झाली की काम कमी, म्हणून वेग जास्त. म्हणजे ज्यानं कुणी सातासमुद्रापलीकडे हा खेळ बनवला, त्यानं मशीनचा अशक्तपणाच खेळाचा जीव करून टाकला. पुढं जगभर हजारो गेम आले, त्यांत शेवटी शेवटी छातीत जे धडधडतं, त्याचं मूळ इथं आहे. हे कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन मंडळींना समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मंग? माझं बी तसंच की. पोरं शाळंत गेली की मी जोरात पळती."

धंद्यात गमती फार. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत अण्णा मशीन घेऊन जायचे. तंबूत, जनरेटरवर, आकाशपाळण्याच्या शेजारी. एका साली अर्थिंग सुटलं आणि दांडीला हात लावला की बारीक झिणझिण्या यायला लागल्या. खेळणाऱ्यांना वाटलं, आपल्याला गोळी लागली की झटका बसतो, अशी सोय आहे. बातमी जत्राभर पसरली. रांग तंबूच्या बाहेर गेली. मी घाबराघुबरा धावत जाऊन अर्थिंग नीट केलं, तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, आता मजा न्हाय. अण्णा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "दिगू, थोडासाच झटका परत घालता येतोय का बघ की."

सगळ्यात भारी खेळणारी एक विडीकामगार बाई होती. कारखान्यात विड्या देऊन परतताना रिकामं सूप काखेत धरून दुकानात शिरायची, एका हातानं दांडी, एका हातानं बटण. बघे आपोआप जागा करून द्यायचे. नजर पडद्यावर, बोटं आपली आपण चाललेली. मी एकदा विचारलं, "मावशी, हे शिकलात कुटं?" ती म्हणाली, "त्यात शिकायचं काय? विडी वळताना बोटाकडं कोन बघतंय?" आणि सूप सावरून गेली. दिवसभर पाठ मोडून आलेली ती बाई त्या काचेपुढं जेवढा वेळ उभी असायची, तेवढा वेळ ती कुणाची कुणी नसायची. तिच्यासाठी मी बटणाची स्प्रिंग न सांगता बदलून ठेवत असे.

आता मल्लूची करामत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मूळच्या खेळातले शत्रू त्याला पसंत नव्हते. हे कोण, कुठले, आपला त्यांच्याशी काय संबंध, असं त्याचं म्हणणं. चित्रांची एक चिप वेगळी होती. मुंबईला जाऊन त्यानं नवी चिप भरून आणली, त्यात स्वतः काढलेली चित्रं. वरच्या रांगेत विंचू, मधल्या रांगेत खेकडे, खाली गोचिडी. "शत्रू असावा तर वळखीचा," म्हणायचा. आणि मधूनच सगळ्यांच्या वरून एक मोठं यान जायचं, जे मारलं तर भरघोस गुण मिळत, ते त्यानं गोल, चपटं आणि ठिपक्याठिपक्यांचं केलं. अख्ख्या सोलापुरानं एका नजरेत ओळखलं. कडक भाकरी! ती दिसली की दुकानात कालवा व्हायचा, भाकरी आली, भाकरी आली, मार!

चिपच्या खिडकीवर काहीतरी चिकटवावं लागतं, नाहीतर उजेडानं आतलं हळूहळू पुसलं जातं. कारखान्यातल्या चिपांवर चांदीचे कागद होते. मल्लूनं आपल्या चिपवर वहीचा कागद चिकटवला, तोही खळीनं. खळ म्हणजे सुताला ताठपणा यावा म्हणून लावतात ती पेज. आमच्या गावात ती कुठंही मिळते आणि कशालाही चिकटते.

मल्लू पुढं फार जगला नाही. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि गेला. लग्न झालेलं नव्हतं. मागं राहिलं ते हे मशीन. अण्णा कधी त्याच्याबद्दल बोलत नसत, पण संध्याकाळी दुकान बंद करताना मशीन सगळ्यात शेवटी बंद करायचे.

काळ पुढं गेला. घरोघर टीव्ही आले, मग त्याला जोडायचे गेम, मग कॉम्प्युटर, मग मोबाइल. सोलापुरातली माझ्या हाताखालची मशीनं एकेक करून भंगारात गेली. मी यंत्रमागांकडं वळलो. मागांवर इलेक्ट्रॉनिक जकार्ड बसायला लागले होते, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे उचलणारं यंत्र, आणि त्यातही त्याच चिपा होत्या. विमानांनी शिकवलेल्या विद्येवर मी चादरींत पोट भरलं. अण्णांच्या दुकानात त्यांच्या मुलानं मोबाइलची कव्हरं लावली. मल्लूचं मशीन तेवढं मागच्या खोलीत राहिलं, आणि वर्षातून एकदा मी जाऊन त्याची धूळ झटकून यायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात अण्णांचा फोन आला. अण्णा आता ऐंशीच्या घरात. आवाज खोल गेलेला.

"दिगू, मशीन बोलतंय, पण दिसत न्हाय. ये जरा."

गेलो. अण्णा खुर्चीत बसलेले. मी मशीन चालू केलं. धम्, धम्, धम्, तो जुना पावलांचा आवाज सुरू झाला. पडद्यावर विंचू नव्हते, खेकडे नव्हते. त्यांच्या जागी नुसते पांढरे चौकोन. चौकोनांच्या रांगा डावीकडं जात होत्या, उजवीकडं जात होत्या, पायरी उतरत होत्या, गोळ्या टाकत होत्या. चाल सगळी शाबूत, चेहरे गेलेले. मी बरीच मशीनं मेलेली पाहिली आहेत, पण असं काही पाहिलं नव्हतं.

झालं होतं असं. दुधनीला ज्या शाळेत मल्लू शिकला, तिथं नवी कॉम्प्युटरची खोली होणार होती. अण्णांनी ठरवलं, मशीन तिथं द्यायचं, मल्लूच्या नावानं. द्यायचं तर स्वच्छ करून द्यायचं. मी पूर्वी इतर मशीनचे बोर्ड साबणाच्या पाण्यानं, ब्रशनं धूत असे, ते अण्णांनी पाहिलेलं. लोकांना खरं वाटत नाही, पण बोर्ड धुता येतात, नीट वाळवले की झालं. अण्णांनी बोर्ड काढला, धुतला आणि गच्चीवर वाळत घातला, कुरडयांच्या शेजारी. आमच्याकडं ऊन म्हणजे फुकटचा नोकर, सगळं त्याच्याच हवाली करायची सवय. मग दुधनीला लग्नाला गेले ते आठवडाभर तिकडंच राहिले. परत आल्यावर बोर्ड जागेवर बसवला आणि मशीन चालू केलं, तर हे.

मी बोर्ड बाहेर काढला. चांदीचे कागद जागच्या जागी होते. मल्लूचा कागद मात्र नव्हता. खळ पाण्यानं सुटली होती, आणि उघड्या खिडकीतून सोलापूरचं ऊन आत शिरून आठवडाभर बसलं होतं. सगळ्या बोर्डातली एकच चिप कोरी झाली होती.

मी अण्णांना समजावून सांगितलं. लपवून काय उपयोग होता? ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे मल्लूचं हुतं तेवढंच मी पुसलं."

त्यानंतर अण्णा खाली दुकानात यायचे बंद झाले. सूनबाईंनी मला फोन केला, "काका, ताटावर बसत्यात आन् उटत्यात. कायतरी करा की."

मूळ खेळाची चित्रं मिळवणं अवघड नव्हतं. जगात या खेळावर जीव टाकणारी इतकी माणसं आहेत की त्याचा कण न् कण त्यांनी इंटरनेटवर जपून ठेवला आहे. मी ती नव्या चिपेत भरली आणि लावली. पडदा जिवंत झाला. अण्णांना हाताला धरून आणलं. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो कोन परका आनलास?" आणि भिंतीला धरत परत गेले. त्यांचं बरोबर होतं. जगानं सगळं जपलं होतं, पण नव्या पेठेतले विंचू जगाला माहीतच नव्हते.

मी घरी येऊन दोन-तीन दिवस नुसता चिडचिड करत होतो. मंडळी म्हणाली, "कुनीतरी फोटू काडला आसंल की." तेव्हा कॅमेरा होता कुणाकडं? आणि फोटोवरून ठिपके कसे मोजणार? ठिपके मोजायचं मनात आलं आणि मला नरसय्या आठवला.

नरसय्या शहराच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात नक्षी काढायचा. घरी तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच. तो दुकानात यायचा पण खेळायचा नाही. मशीनच्या कडेला चौकटीचा कागद घेऊन उभा राहायचा. नाणं न टाकता मशीन नुसतं उभं असलं की ते आपणहून सगळे शत्रू एकेक करून दाखवतं, ते बघत कागदावर चौकोन भरायचा. अण्णा वैतागायचे, गिऱ्हाइकाला अडचण होते म्हणून. मला तो एकदा म्हणाला होता, "मेकॅनिक, जे मोजता येतंय ते इनता येतंय." त्यानं त्या नक्षीची नमुन्याची एक चादर मागावर काढलीही होती. मालकानं बघून विचारलं, चादरीवर भुतं कोण पांघरणार? नमुना तिथंच थांबला.

पूर्व भागात जाऊन नरसय्याचं घर शोधलं. डोळ्यांना जाड भिंगं, बाकी माणूस तोच. मी विषय काढला. तो काही बोलायच्या आत त्याची बायको आत गेली आणि इस्त्रीच्या टेबलावर घालायची चादर काढून घेऊन आली. "हीच की. जाता जात न्हाय मेली," म्हणाली.

तिनं ती फरशीवर पसरली आणि मी खालीच बसलो. विंचू. खेकडे. गोचिडी. रांगाच्या रांगा, पांढऱ्यावर लाल. रंग विटलेला, जागोजागी विरलेली, दोन ठिकाणी इस्त्रीनं करपलेली. मधोमध मोठी भाकरी. मल्लूचा हात होता तो, सुतात उतरलेला. मी तिच्यावरून हात फिरवत गेलो.

"पन भोकं पडल्यात," मी म्हणालो.

"पडू द्या," नरसय्या म्हणाला. "नक्षी परत परत येती. ह्या इंचवाची नांगी जळली, तर त्या इंचवाची घ्या."

मग आम्ही कामाला लागलो. त्यानं धागे मोजायची घडीची छोटी काच काढली, चादरीवर ठेवली आणि वाचायला लागला. जकार्डची रीत अशी की धागा वर आला तर ठिपका, खाली गेला तर मोकळा. पूर्वी त्यासाठी पुठ्ठ्याला भोकं पाडत, भोक असेल तिथं धागा उठायचा. माझ्या चिपेतही दुसरं काय असतं? आहे किंवा नाही. तो म्हणत होता, वर, वर, खाली, वर, आणि मी लॅपटॉपवर चौकोन भरत होतो. चादर मशीनशी बोलत होती, आम्ही दोघं मध्ये दुभाषे. आपण एकच धंदा दोन टोकांनी करत होतो, हे मला त्या फरशीवर कळलं. इतकी वर्षं मी त्याला गिऱ्हाइकाला अडवणारा माणूस समजत होतो, याची लाजही वाटली.

आपलं विमान, आकडे आणि स्फोट चादरीत नव्हते, ते मूळ खेळातून घेतले. चिप भरली, आणि नरसय्याला रिक्षात घालून अण्णांकडं गेलो.

अण्णा यायला तयार नव्हते. सूनबाईंनी आणून उभं केलं. मी मशीन चालू केलं आणि विंचू उतरायला लागले. अण्णांचा हात काचेवर गेला. "ह्येच," ते म्हणाले. "ह्येच की." सूनबाईंनी पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, जमलं.

मग वरून भाकरी गेली. अण्णांचा हात खाली आला.

"चावा कुटं हाय?"

"कसला चावा?" मी विचारलं.

"भाकरीला चावा हुता. डावीकडं. मल्लू काम करताना एक घास खायाचा आन् भाकरी तशीच ठिवून उटायचा. आई वरडायची, उष्टी भाकरी ताटात ठिवू नगं. म्हनून त्येनं मुद्दाम तशी काडलेली, आईला दावायला."

मी त्या मशीनपुढं उमेदीची वर्षं घालवली. मला चावा आठवत नव्हता. नळी जुनी, कडा फिसकटलेल्या, भाकरी वेगात जाणारी, मी ती कधी नीट बघितलीच नव्हती. नरसय्या मात्र खाली बघत होता. "आमच्या मागावर मधली नक्षी अर्धीच काडत्यात," तो म्हणाला. "उजवी बाजू आमी द्यायची, डावी माग आपनच करतोय, आरशावानी. डावी मी घेतलीच न्हाय, अण्णा."

म्हणजे चावा कुठंच नव्हता. चिपेत नव्हता, चादरीत नव्हता, नरसय्याच्या डोळ्यांत नव्हता, माझ्या तर नव्हताच.

मी लॅपटॉप उघडला, भाकरी पडद्यावर मोठी केली आणि अण्णांपुढं धरली. ते वाकले. मला वाटलं होतं विचार करतील, चाचपडतील. त्यांनी सरळ बोट ठेवलं. "हितला काड. ह्यो बी. त्याच्या खालचा ऱ्हाऊ दे, दाताची खून हाय ती. आता ह्यो काड." मी एकेक ठिपका काढत गेलो. संध्याकाळी दुकान बंद करताना तो माणूस शेवटी मशीनपुढं उभा राहून काय बघत असायचा, ते मला तेव्हा समजलं.

चिप पुन्हा भरली. खिडकीवर चांदीचा कागद घट्ट बसवला. मशीन चालू केलं आणि या खेपेला अण्णांनी स्वतः दांडी धरली. इतकी वर्षं मशीनचे मालक, पण त्यांना खेळताना मी कधी पाहिलं नव्हतं. विमान अडखळत इकडं तिकडं सरकत होतं. एक-दोन गोचिडी मेल्या. मग डाव्या कोपऱ्यातून भाकरी निघाली, चावलेली.

"बंद्या, तम्मा?" अण्णा हळूच म्हणाले. इतकं कन्नड मला येतं. आलास का, धाकट्या, असं ते विचारत होते.

भाकरी बरोबर विमानाच्या डोक्यावर आली. नरसय्याला राहवलं नाही. "मारा की, अण्णा!"

अण्णांचं बोट बटणावर होतं. त्यांनी ते दाबलं नाही.

"जाऊ दे," म्हणाले. "लई दिसानं आलाय."

भाकरी सावकाश उजवीकडं गेली. तोवर विंचू खाली उतरले होते, त्यांनी अण्णांचं विमान फोडलं, आणि अण्णा हसत खिशात नाणं शोधायला लागले.